वाचकांचे प्रश्न : जिवाणूची मोटर आणि पहिली पेशी

गेल्या अंकातील उत्क्रांतीवरील लेखानंतर आलेल्या बऱ्याच पत्रांचा रोख डार्विनपेक्षाही त्याच्या आधीच्या प्रश्नाकडे आहे : मुळात जीव आला कोठून, आणि तो कोणी घडवला असे म्हणण्यास हरकत काय? त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : जिवाणूची शेपटी फिरवणारी मोटर चाळीसेक भागांची बनलेली असते आणि त्यातला एक भाग काढला तरी ती बंद पडते, असे एका व्याख्यानाच्या चित्रफितीत पाहिले. माझे आयुष्य कारखान्यात यंत्रांची देखभाल करण्यात गेले, त्यामुळे मला ते पटले. असे यंत्र टप्प्याटप्प्याने आपोआप कसे तयार होईल? त्यामागे बुद्धिमान रचनाकार मानणे अवैज्ञानिक का ठरावे? (एक निवृत्त अभियंता, सांगली)

आपल्याला वाटलेले आश्चर्य रास्त आहे. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूची कशाभिका, म्हणजे ही शेपटी, खरोखरच गरगर फिरते. पेशीच्या आवरणात रुतलेल्या चकत्या, त्यांना जोडलेला आकड्यासारखा वाकडा भाग आणि त्यापुढचा लांब नागमोडी तंतू अशी तिची बांधणी असते. आवरणाबाहेरून आत शिरणाऱ्या धनभारित हायड्रोजन कणांच्या प्रवाहावर ती चालते, सेकंदाला शंभराहून अधिक फेरे घेते आणि क्षणार्धात उलट दिशेनेही फिरू लागते. जीवशास्त्रज्ञसुद्धा तिला मोटरच म्हणतात.

या मोटरला वादात ओढले ते अमेरिकेतील लीहाय विद्यापीठाचे जैवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बेही यांनी, १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकातून. त्यांचे उदाहरण उंदीर पकडण्याच्या सापळ्याचे होते : फळी, स्प्रिंग, दांडी यांसारख्या पाच भागांपैकी एक जरी नसला, तर सापळा थोडे कमी उंदीर पकडतो असे नाही, तो एकही पकडत नाही. नैसर्गिक निवड फक्त उपयोगी गोष्टच टिकवते, अर्धवट सापळा निरुपयोगी असतो, म्हणून अशी रचना पायरीपायरीने घडू शकत नाही, असा त्यांचा तर्क. (पृथ्वी अब्जावधी वर्षे जुनी आहे आणि सर्व सजीवांचे पूर्वज समान आहेत, हे बेही यांना मान्य आहे, चित्रफितींत ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.)

तर्कातील खोट ‘निरुपयोगी’ या गृहीतकात आहे. अर्धवट सापळा उंदीर पकडण्यास निरुपयोगी असेल, पण इतर कामांना नसेल. ब्राउन विद्यापीठाचे केनेथ मिलर यांनी दाखवून दिले की सापळ्याचे दोन भाग काढून टाकले तर उरलेल्या तिहींची टायपिन होते. कशाभिकेच्या बाबतीत हा केवळ विनोद नाही. १८९७ पासून पुण्याच्या इतिहासात घर करून बसलेल्या प्लेगच्या जिवाणूकडे सुईसारखे एक साधन असते, ज्यातून तो आपली विषारी प्रथिने थेट आपल्या पेशींत टोचतो. या सुईच्या तळाची सुमारे दहा प्रथिने कशाभिकेच्या तळाच्या प्रथिनांशी नाते सांगतात. म्हणजे मोटरचे तीन चतुर्थांश भाग काढून घेतले तरी जे उरते, ते मेलेले यंत्र नसून दुसरेच चालते साधन असते. येथे एक सावधगिरी बाळगायला हवी : ही सुई कशाभिकेची पूर्वज आहे असा याचा अर्थ नाही, उलट ती कशाभिकेपासूनच निघाली असावी असे अनेक संशोधकांचे मत आहे. मात्र ‘एक भाग काढला की सारे व्यर्थ’ हे विधान त्यामुळे वाचत नाही. शिवाय मोटर फिरवणाऱ्या प्रथिनांचे आणि तिला भाग पुरवणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) नातेवाईकही पेशीत इतरत्र वेगळ्या कामांवर आढळतात. कारखान्यात जुन्या यंत्राचा पट्टा किंवा गिअर काढून नव्या कामाला लावणे आपल्याला नवे नसेल. उत्क्रांतीची पद्धत बरीचशी तशीच आहे, फरक इतकाच की तिच्याकडे आराखडा नसतो.

बेही यांचे दुसरे आवडते उदाहरण रक्त गोठण्याचे. जखम झाल्यावर एक प्रथिन दुसऱ्याला आणि दुसरे तिसऱ्याला जागे करते, आणि या साखळीतील एक कडी तुटली तर रक्त गोठणार नाही, असे ते म्हणत. पण व्हेल आणि डॉल्फिन यांच्या शरीरात या साखळीतील बारावा घटक नसतोच, आणि पफर माशात तर असे तीन घटक नसतात. तरीही त्यांचे रक्त व्यवस्थित गोठते.

हे सगळे २००५ साली एका न्यायालयात तपशीलवार तपासले गेले, म्हणून तो खटला थोडक्यात सांगतो. पेनसिल्व्हेनिया राज्यातील डोव्हर या गावाच्या शाळा मंडळाने ऑक्टोबर २००४ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवले, की नववीच्या मुलांना डार्विनच्या सिद्धान्तातील त्रुटींची आणि इंटेलिजंट डिझाइन, म्हणजे बुद्धिमान रचनाकार मानण्याच्या, पर्यायाची जाणीव करून द्यावी. त्यासाठी वर्गात वाचायचे एक निवेदन तयार झाले आणि ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ या पुस्तकाकडे मुलांना वळवायचे ठरले. ११ पालक फेडरल न्यायालयात गेले. न्यायाधीश जॉन जोन्स यांची नेमणूक धाकट्या बुश यांनी केलेली असल्याने निकाल आपल्या बाजूने लागेल, अशी अनेक समर्थकांना आशा होती. २० डिसेंबर २००५ रोजी त्यांनी १३९ पानांचा निकाल दिला : इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही आणि सृष्टिनिर्मितीच्या धार्मिक मतापासून ते वेगळे काढता येत नाही.

निकालातील दोन गोष्टी मला सर्वांत बोलक्या वाटतात. बेही यांनी लिहिले होते की आपली रोगप्रतिकारशक्ती कशी उत्क्रांत झाली याचे उत्तर वैज्ञानिक वाङ्मयात सापडणार नाही. उलटतपासणीत त्यांच्यापुढे या विषयावरील ५८ शोधनिबंध आणि नऊ ग्रंथ ठेवण्यात आले, तेव्हा एवढे पुरावे आपल्याला पुरेसे वाटत नाहीत, असे त्यांनी सांगितले. विज्ञानाची जी सैल व्याख्या ते करत होते तिच्यात फलज्योतिषही बसेल, हेही त्यांनी मान्य केले. दुसरी गोष्ट त्या पुस्तकाची. जून १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांत उत्क्रांती शिकवली तर ‘सृष्टिनिर्मितीचे विज्ञान’ही शिकवण्याची सक्ती करणारा लुइझियानाचा कायदा रद्द केला होता. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक बार्बरा फॉरेस्ट यांनी पुस्तकाचे जुने कच्चे खर्डे न्यायालयात मांडले, तेव्हा दिसले की त्या निकालानंतर ‘क्रिएशन’पासून बनलेले शब्द सुमारे १५० ठिकाणी काढून तेथे ‘डिझाइन’ घातलेले आहे. व्याख्या मात्र तीच होती. एका ठिकाणी घाईत ‘क्रिएशनिस्ट्स’ हा जुना शब्द पुरता पुसला गेला नाही आणि ‘सीडिझाइन प्रपोनन्टसिस्ट्स’ असा पुढेमागे जुन्या शब्दाचे तुकडे लोंबणारा एक विचित्र शब्द खर्ड्यात राहून गेला.

आता आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग. रचनाकार मानण्यास कोणाचीच मनाई नाही. पण वैज्ञानिक गृहीतक म्हणून तो मांडायचा तर त्याने काय केले, केव्हा केले, कशाने केले आणि त्यामुळे आपल्याला कोठे काय सापडायला हवे, यातले काहीतरी सांगावे लागते. इंटेलिजंट डिझाइनवाले यांपैकी काहीच सांगत नाहीत. ‘हे डार्विनला जमत नाही’ एवढ्यावर त्यांचा युक्तिवाद संपतो.

या वादाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे आणि ती विल्यम पेली यांच्या १८०२ सालच्या घड्याळाच्या दृष्टान्ताहून (घड्याळ आहे म्हणजे ते घडवणारा असलाच पाहिजे) कितीतरी जुनी आहे. दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वरसिद्धीची जी प्रमाणे दिली त्यांतले पहिलेच ‘कार्यात्’ असे आहे : घट हे कार्य आहे म्हणून त्याला कुंभार हवा, तसे जग हे कार्य असल्याने त्यालाही कर्ता हवा. त्याच्या कितीतरी आधी, मीमांसक आणि वेदांचे कट्टर अभिमानी असलेल्या कुमारिल भट्टांनी या तर्काचा समाचार घेतला होता. कुंभाराचा दाखला द्यायचा तर कुंभाराला शरीर असते, तो मर्त्य असतो आणि त्याला माती लागते. मग जगाच्या कर्त्याचे शरीर कोणी घडवले, असा त्यांच्या आक्षेपांचा सूर आहे. वेदप्रामाण्य मानणाऱ्यांना हा आक्षेप घेताना श्रद्धा सोडावी लागली नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

प्रश्न : शंभर अमिनो आम्लांचे एक प्रथिन योगायोगाने जुळण्याची शक्यता १ वर १३० शून्ये इतक्यात एक आहे. प्रयोगशाळेत आजवर एकही जिवंत पेशी बनवता आलेली नाही. मग जीव आपोआप निर्माण झाला हीदेखील श्रद्धाच नव्हे का? (बी. एस्सी.ची विद्यार्थिनी, नाशिक)

आपले गणित बरोबर आहे. अमिनो आम्ले २० प्रकारची, जागा १००, म्हणून २० चा शंभरावा घात, आणि तो साधारण तेवढाच येतो. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांनी तर एका पेशीला लागणाऱ्या सगळ्या विकरांसाठी १ वर ४०,००० शून्ये असा आकडा काढला होता. पण या हिशेबात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात : प्रथिन एका फटक्यात जुळले पाहिजे, एकच ठरावीक क्रम चालतो, आणि जीवाची सुरुवात आजच्यासारख्या प्रथिनानेच झाली. यांतली एकही गोष्ट या विषयात काम करणारे कोणी म्हणत नाही.

दुसऱ्या गृहीतकाची तर थेट परीक्षा झालेली आहे. अँथनी कीफ आणि जॅक शोस्टाक यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ८० अमिनो आम्लांच्या, कसल्याही क्रमाने जुळवलेल्या सुमारे ६ लाख कोटी साखळ्या घेतल्या आणि त्यांतल्या कोणत्या एटीपी या पेशीच्या इंधनरेणूला धरून ठेवतात ते शोधले. एकमेकांशी नाते नसलेली अशी चार प्रथिन-कुळे सापडली. त्यांच्या अंदाजाने दर १ लाख कोटीत निदान दहाएक साखळ्या हे काम करू शकतात. दहा म्हणजे फार थोडे हे खरेच. पण १ वर १३० शून्यांच्या पुढे हा आकडा जवळजवळ घराशेजारचा आहे. त्याआधी १९९३ मध्ये शोस्टाक यांनी डेव्हिड बार्टेल यांच्याबरोबर आरएनए या डीएनएच्या जवळच्या नातेवाईक रेणूच्या यादृच्छिक साखळ्यांतूनही रासायनिक काम करणाऱ्या साखळ्या निवडून काढल्या होत्या.

प्रयोगशाळेत पेशी बनलेली नाही, हे मात्र मी पूर्णपणे मान्य करतो, आणि ते आडून सांगण्यात अर्थ नाही. जीवाची उत्पत्ती हा खुला प्रश्न आहे. डार्विनने १८५९ च्या ग्रंथात तो सोडवल्याचा दावा केलेला नाही. १८७१ मध्ये मित्र हूकर यांना लिहिलेल्या पत्रात एखाद्या कोमट डबक्यात हे घडले असेल का, एवढी कल्पना त्याने केली. १९२० च्या दशकात रशियात ओपारिन आणि इंग्लंडमध्ये हाल्डेन यांनी स्वतंत्रपणे आदिम रसायनांच्या मिश्रणाची कल्पना मांडली. (हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झाले, येथील नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले.)

१९५३ साली शिकागो विद्यापीठात हॅरोल्ड युरी यांचा विद्यार्थी स्टॅन्ले मिलर याने या कल्पनेला काचेच्या भांड्यात बसवले. एका चंबूत पाणी उकळत ठेवले, वाफ मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन यांच्या मिश्रणातून नेली, त्यात विजेच्या ठिणग्या पाडल्या आणि थंड करून ती पुन्हा पाण्यात सोडली. पहिल्याच दिवसानंतर पाणी गुलाबी दिसू लागले, आठवडाभरात गडद लाल आणि गढूळ झाले, आणि त्यात ग्लायसीनसारखी अमिनो आम्ले निघाली. मिलर २००७ मध्ये वारले. त्यांनी जपून ठेवलेल्या जुन्या कुप्या त्यांचे विद्यार्थी जेफ्री बाडा यांनी आधुनिक उपकरणांनी तपासल्या, तेव्हा ज्वालामुखीच्या वाफेची नक्कल करणाऱ्या एका प्रयोगातून २२ अमिनो आम्ले आढळली. आरंभीच्या पृथ्वीवरील हवा मिलर यांनी मानली तशी नव्हती, असे आज बहुतेकांचे मत आहे आणि ही टीका योग्य आहे. पण अमिनो आम्लांसाठी त्यांच्या चंबूवर अवलंबून राहण्याचे कारण उरलेले नाही. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियातील मर्चिसन येथे पडलेल्या अशनीत ती सत्तराहून अधिक प्रकारची मिळाली, आणि बेन्नू या लघुग्रहावरून २०२३ मध्ये आणलेल्या मातीत, सजीव वापरतात त्या २० पैकी १४ अमिनो आम्ले आणि डीएनए-आरएनएचे पाचही नत्रयुक्त घटक असल्याचे जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले.

खरी अडचण विटांची नाही, भिंतीची आहे. आजच्या पेशीत प्रथिने बनवायला डीएनए लागतो आणि डीएनएची नक्कल करायला प्रथिने लागतात. मग आधी काय? थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांना १९८९ चे नोबेल मिळाले ते आरएनए हा माहितीही साठवतो आणि विकराचे कामही करतो, या शोधासाठी. वेंकी रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांच्या २००९ च्या नोबेलमागील कामातून दिसले, की प्रत्येक सजीवात प्रथिने जोडणाऱ्या रायबोसोमच्या गाभ्याशी जोडणीचे काम आरएनएच करतो. आधी आरएनए आणि मागाहून प्रथिने, या मताला यासारखा आधार दुसरा नाही. त्याच वर्षी जॉन सदरलँड यांच्या गटाने आरएनएचे दोन घटक साध्या रसायनांपासून, अनपेक्षित वाटेने, बनवून दाखवले. आरएनएची लांब साखळी विकराच्या मदतीशिवाय स्वतःची नीट नक्कल कशी करू लागली, डावे आणि उजवे रेणू यांपैकी एकाच हाताचे रेणू सजीवांत कसे उरले, आणि हे सारे डबक्यात घडले की समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांपाशी, यावर आज मतभेद आहेत आणि ते कडाक्याचे आहेत. आपण विचारता त्या श्रद्धेत आणि यात फरक असा, की येथे दर काही वर्षांनी एखादे मत प्रयोगाने बाद होते.

आणखी एक गोष्ट आपल्या पिढीला सांगावीशी वाटते : उत्पत्तीचा प्रश्न उद्या सुटला नाही तरी उत्क्रांतीला धक्का लागत नाही. माणूस आणि चिंपांझी यांचे पूर्वज समान होते, हे पहिल्या पेशीच्या कथेवर अवलंबून नाही. दोन्ही प्रश्न एकत्र गुंडाळून मांडले, की एकातली अनिश्चितता दुसऱ्याला फुकट चिकटवता येते, आणि चित्रफितींत नेमके हेच केले जाते.

प्रश्न : डॉ. जयंत नारळीकर यांनी जीव अवकाशातून आल्याचे म्हटले होते. मग पृथ्वीवर जीव निर्माण झाला नाही, असे विज्ञानच सांगत नाही का? (एक वाचक, म्हापसा)

नारळीकर हे हॉयल यांचे शिष्य आणि हॉयल व चंद्रा विक्रमसिंघे हे या मताचे खंदे पुरस्कर्ते, त्यामुळे हा विषय मराठी वाचकांच्या ओळखीचा आहे. एप्रिल २००५ मध्ये हैदराबाद येथून सोडलेल्या बलूनने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने आणले. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्राच्या संशोधन केंद्राने आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राने ते स्वतंत्रपणे तपासले. त्यांत अतिनील किरणांना दाद न देणाऱ्या, आधी नोंद नसलेल्या जिवाणूंच्या तीन जाती मिळाल्या, आणि त्यांतील एकीला हॉयल यांच्यावरून जॅनिबॅक्टर हॉयलेई हे नाव दिले गेले. नारळीकर त्या प्रयोगाचे प्रमुख संशोधक होते. हे जिवाणू पृथ्वीबाहेरचेच आहेत असे यावरून सिद्ध होत नाही, असे २००९ च्या अधिकृत घोषणेतच नमूद होते. चांगला प्रयोग असा बोलतो.

हे मत खरे ठरले तरी उत्पत्तीचा प्रश्न दुसऱ्या ग्रहावर ढकलला जाईल, सुटणार नाही. १९८१ मध्ये आर्कान्सा राज्यातील अशाच एका खटल्यात विक्रमसिंघे सृष्टिनिर्मितीवाद्यांचे साक्षीदार म्हणून उभे राहिले होते. पृथ्वी दहा लाख वर्षांहून लहान आहे असे कोणी विवेकी शास्त्रज्ञ मानणार नाही, असे त्यांनीच तेथे सांगितल्याने त्यांना बोलावणाऱ्यांची पंचाईत झाली.

प्रश्न : दहावीला ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ शिकवताना काही पालक म्हणतात, दोन्ही बाजू सांगा आणि मुलांना ठरवू द्या. काय करावे? (माध्यमिक शिक्षिका, छत्रपती संभाजीनगर)

आपल्या शहराचा या विषयाशी संबंध आहेच. जानेवारी २०१८ मध्ये तेथील वैदिक संमेलनाच्या वेळी तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचे कोठे लिहिलेले नाही, म्हणून डार्विन चुकीचा आहे आणि तो अभ्यासक्रमातून बदलावा, असे विधान केले. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून त्याचा प्रतिवाद केला आणि सिंह यांचे वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही त्यांना अशी विधाने टाळण्यास सांगितले. पुढे एनसीईआरटी या केंद्रीय पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या संस्थेने भार कमी करण्याच्या नावाखाली दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला आणि एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व इतरांनी त्याविरुद्ध खुले पत्र लिहिले. मला हा दुसरा प्रसंग अधिक काळजीचा वाटतो. भाषणाला उत्तर देता येते, गाळलेल्या पानाला देता येत नाही.

दोन बाजू सांगायच्या तर दोन्हींकडे सांगण्यासारखे काही हवे. डोव्हरच्या विज्ञान शिक्षकांनी ते निवेदन वर्गात वाचण्यास नकार दिला, कारण आपणच चुकीचे मानतो ते विज्ञान म्हणून मुलांपुढे ठेवणे त्यांना पटेना. जानेवारी २००५ मध्ये अखेर प्रशासनातील अधिकाऱ्याने येऊन ते वाचले. नोव्हेंबरच्या निवडणुकीत मंडळाचे जे आठ सदस्य उभे होते ते सगळे पडले, आणि नंतर पालकांच्या वकिलांपोटी दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम शाळा मंडळाला द्यावी लागली.

वर्गात वाद हवाच असेल, तर तो खऱ्या वादाचा असू द्या : डबके की उष्ण झरे, आधी आरएनए की आधी चयापचय. यावर मुलांना दोन गट करून बोलू द्यावे; पुरावे दोन्हींकडे आहेत. आणि कोणी देवाबद्दल विचारलेच, तर डोव्हरच्या खटल्यात पालकांच्या बाजूने साक्ष देणारे केनेथ मिलर हे कॅथलिक आहेत आणि त्यांच्याबरोबरचे दुसरे साक्षीदार जॉन हॉट हे तर कॅथलिक धर्मशास्त्राचे अभ्यासक होते, एवढे सांगावे आणि धड्याच्या पुढच्या भागाकडे वळावे. तेथे पिसे आणि दात दोन्ही असलेल्या प्राचीन आर्किऑप्टेरिक्सची ओळख करून द्यावी, मुलांना तो आवडतो.